डॉक्टर, तुम्ही स्वतः किती चालता?

मार्चमधली गोष्ट. शिमगा नुकताच होऊन गेला होता. जामसरजवळच्या एका पाड्यावरची बाई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाचं वय एकतीस. भिवंडीजवळ मानकोलीच्या बाजूला एका गोदामात तो रात्रपाळीचा वॉचमन आहे. सणाला घरी आला होता, आणि आईने पाहिलं की हा रात्रीतून चार वेळा लघवीला उठतोय, दिवसा डोकं धरून बसतोय. म्हणून तिने त्याला ओढतच आणलं.

ब्लड प्रेशर १५८/१००. उपाशीपोटी साखर १८६. पोट शर्टाच्या बटणांवर ताण देत होतं. आई शेजारी स्टुलावर बसलेली, सडपातळ, पायांच्या पोटऱ्या दोरीसारख्या पिळदार. सहज म्हणून तिचंही प्रेशर पाहिलं, तर ११०/७०. ती म्हणाली, "गावात होता तवर काही नव्हतं दादा. जगायला गेला आणि हे घेऊन आला."

आमच्या जव्हार-मोखाड्यात कामासाठी बाहेर पडण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. भात कापणी झाली, दिवाळी सरली की माणसं भिवंडी, वसई, वाडा, ठाणे या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आताची तरुण मुलं मात्र गोदामांत, कंपन्यांत लागतात आणि तिकडेच राहतात.

मी गोळ्या लिहिल्या, मीठ-साखर सांगितली आणि शेवटी गेली पंचवीस वर्षं सांगतो तेच सांगितलं, "आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं."

"कुठं चालू सर?" त्याने विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता, खरंच विचारत होता. रूमच्या बाहेर हायवे, त्यावरून कंटेनर जातात. फूटपाथ नाही, आहे तिथे गाड्या लावलेल्या. संध्याकाळी सातला ड्युटी सुरू, सकाळी सातला सुटतो. रूमवर येऊन झोपायचं, उठून भात शिजवायचा, परत ड्युटी. मधल्या वेळात शेअर रिक्षा, वडापाव आणि रात्रभरात सात-आठ कटिंग. मग अगदी सहज, आपण एखाद्याला जेवलात का विचारतो तसं, त्याने विचारलं, "सर, तुम्ही किती चालता?"

मी काहीतरी पुटपुटलो. घरापासून माझा दवाखाना सातशे मीटरवर असेल, आणि मी ॲक्टिव्हावर जातो. त्या रात्री मोबाइलमध्ये पावलांची नोंद पाहिली. महिन्याची सरासरी निघाली रोजची २,६००. त्यातली निम्मी तरी खुर्ची ते तपासणीचं टेबल एवढीच असणार.

इथे माझाही रिपोर्ट सांगून टाकतो. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आहे. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर डायबिटीस, आणि या दोहोंच्या मधला तो उंबरठा. मी त्या उंबरठ्यावर दोन वर्षं उभा आहे. पेशंटला जे मी रागावून सांगतो ते मी स्वतः करत नव्हतो, ही गोष्ट मला माहीत होती. त्या मुलाने ती फक्त तोंडावर विचारली.

एप्रिलमध्ये तीन आठवडे लंडनला जायचं आधीच ठरलं होतं. मुलगी तिथे नोकरी करते, हॅरो भागात राहते. जाण्याआधी एक रात्र दादरला भावाकडे मुक्काम केला. सकाळी साडेसहाला तो मला शिवाजी पार्कवर घेऊन गेला. मैदानाभोवतीचा कट्टा, त्या कडेने चालणारी माणसं, कॅनव्हासचे बूट घातलेले आजोबा, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, कट्ट्यावर बसून राजकारण करणारे निवृत्त लोक. एका फेरीला साधारण सव्वा किलोमीटर होतं. भावाने तीन फेऱ्या सहज मारल्या, मी दुसरीला कट्ट्यावर बसलो. मुंबईला आपण नावं ठेवतो, पण लोकलने जाणारा मुंबईकर जिने चढतो, पूल ओलांडतो, प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. जव्हारसारख्या टेकडीवरच्या, हवेशीर गावात राहून मी त्याच्या निम्माही चालत नव्हतो.

विमानप्रवासाबद्दल थोडं, कारण आमच्याकडून मुलांना भेटायला परदेशी जाणारे आई-वडील आता पुष्कळ आहेत आणि ते निघायच्या आदल्या दिवशी फोन करतात. मुंबई-लंडन साडेनऊ-दहा तासांचं. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्त संथ होतं. एरवी आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू दर पावलाला त्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात. बसून राहिलं की हा पंप बंद. क्वचित तिथे गुठळी होते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. निरोगी माणसाला हा धोका थोडाच असतो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर असेल, वजन खूप असेल किंवा गरोदरपण असेल तर तो वाढतो, आणि अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी तास-दीड तासाने उठून विमानात एक फेरी मारावी, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, पाणी पीत राहावं. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखलं, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. औषधं नेहमी हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर सामानाच्या डब्यात कधीच टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. आणि उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा कशा जुळवायच्या हे जाण्याआधी आठवडाभर तरी विचारून घ्यावं, विमानतळावरून नव्हे.

लंडनला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला जाग आली. शरीराच्या घड्याळात आठ वाजले होते. खिडकीशी बसलो तर इतकी शांतता की कानात घंटी वाजते की काय असं वाटलं. रस्त्याने गाडी गेली तर फक्त टायरचा आवाज. तीन आठवड्यांत मी हॉर्न मोजून सहा-सात वेळा ऐकला असेन. आपल्याकडेही कायदा आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाने झोप मोडली नाही तरी झोपलेल्या माणसाची नाडी आणि प्रेशर वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आपण जागे झालो नाही म्हणजे शरीराने ऐकलं नाही असं नसतं.

सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, स्टेशन चौदा मिनिटांवर आहे." मी रिक्षा शोधायला मान वळवली. ती हसली आणि चालायला लागली.

पहिल्या दिवशी झेब्रा क्रॉसिंगवर माझी फजिती झाली. मी काठावर उभा, गाडी जाईल मग जाऊ म्हणून. गाडी थांबलेली, ड्रायव्हर मी जाईन मग जाऊ म्हणून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. शेवटी त्याने हात हलवून जा म्हटलं आणि मी चोरासारखा पळत रस्ता ओलांडला. तिकडे क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूला काळ्या-पांढऱ्या खांबांवर पिवळे गोल दिवे लुकलुकतात; असे गोळ्यांचे खांब १९३४ पासून आहेत. २०२२ मध्ये नियम आणखी स्पष्ट केला की माणूस अजून काठावरच उभा असला तरी गाडीने थांबावं. पळत रस्ता ओलांडायची माझी सवय जायला आठवडा लागला. मला आठवलं, आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्या किती तरी म्हाताऱ्या बायका फक्त रस्ता ओलांडायच्या भीतीने देवळात जायच्या बंद झाल्या आहेत. त्यांना मी कॅल्शियम लिहून देतो.

चौकाचौकात नकाशाचे उंच फलक आहेत. 'तुम्ही इथे आहात' आणि भोवती एक वर्तुळ: पाच मिनिटं चालत गेलात तर इतकं. मला ती युक्ती फार आवडली. किलोमीटर सांगितले की माणूस रिक्षाकडे बघतो, मिनिटं सांगितली की पायाकडे. बसमध्ये ऐंशीच्या पुढच्या बाया एकट्या, हातात चाकांची पिशवी घेऊन चढतात. बसचा तळ रस्त्याला टेकल्यासारखा खाली आहे, पाय उचलावा लागत नाही. फूटपाथ सलग आहे, कोपऱ्यावर उतरता केलेला आहे, मध्ये झाकण उघडं नाही, झोपलेला कुत्रा नाही, मोटरसायकल नाही.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मोबाइलने सांगितलं की माझी सरासरी १२,८०० पावलं आहे. मी 'व्यायाम' म्हणून एकदाही बाहेर पडलो नव्हतो. दूध आणायला गेलो, म्युझियम बघितलं, गाड्या बदलल्या, घरी आलो. माझी इच्छाशक्ती जव्हारला होती तेवढीच होती. रस्ता वेगळा होता.

दहा हजार पावलांचं काय, असा प्रश्न तुम्ही मला नेहमी विचारता, म्हणून सांगतो. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जेमतेम चालणाऱ्यांपेक्षा रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही चांगला फायदा होतो, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नाही. म्हणजे २,६०० वाल्याने ५,००० केली तरी बरंच काही मिळवलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. लंडनच्या लाल डबलडेकर बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलो आणि मला एमडीच्या वर्षातलं एक लेक्चर आठवलं. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके एवढे का वाढताहेत हे कोणाला कळत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या बसमधले चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघं एकाच बसमध्ये, एकाच शहरात, एकाच वर्गातली माणसं. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढत-उतरत. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: कंडक्टरना हृदयविकार कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांना उशिरा झाला आणि कमी जीवघेणा ठरला. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक मिळाला. पुढे मॉरिस यांनी स्वतःच शंका काढली, की मुळात जाड माणसंच चालक होत असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशांची मापं मागवली. चालकांच्या पँटी कमरेला खरंच मोठ्या होत्या, आणि नोकरीच्या सुरुवातीलाही होत्या. म्हणजे सगळंच श्रेय जिन्याला देता येत नाही. पण पुढच्या दशकांतल्या शेकडो अभ्यासांनी मूळ म्हणणं पक्कं केलं. मॉरिस २००९ मध्ये, शंभरीला काही महिने असताना गेले.

तो कंडक्टर कोणाच्या सल्ल्याने जिना चढत नव्हता. त्याच्या बसला वरचा मजला होता आणि तिथे उतारू बसले होते, म्हणून चढत होता. आणि चालकाला आळशी कोणी म्हणू शकत नव्हतं, बिचारा आठ तास राबत होता. मला मानकोलीचा वॉचमन आठवला. त्याला मी जवळजवळ आळशी म्हटलं होतं. रात्रीचे बारा तास खुर्चीवर बसणं हेच ज्याचं काम आहे, त्याच्या शरीरात काय होतं हे मला शिकवलेलं होतं. रात्रपाळीत शरीराचं घड्याळ बिघडतं, अवेळी खाल्लेल्या अन्नाची साखर जास्त चढते, झोप तुटक झाली की भूक वाढते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत डायबिटीसचं प्रमाण जास्त दिसतं. हे सगळं माहीत असून मी त्याला 'चालायचं' एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावला होता.

(लंडनच्या बसमध्ये आता कंडक्टर नाहीत. २००५ च्या डिसेंबरात नेहमीच्या मार्गावरची ती जुनी बस बंद झाली. आपल्याकडच्या 'बेस्ट'च्या जुन्या डबलडेकरही २०२३ मध्ये गेल्या. कंडक्टरचा हा भाग्यवान व्यायाम जगातून जवळपास संपलाच.)

लंडनमध्ये सगळं छान आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये चार प्रौढांमागे एकाहून जास्त माणूस लठ्ठ आहे. दुकानात दुपारी सँडविच, चिप्सचं पाकीट आणि गोड पेय एकत्र स्वस्तात मिळतं आणि लोक रोज तेच खातात. सार्वजनिक शौचालयं शोधताना माझ्या पन्नाशीच्या पुढच्या मूत्राशयाची परीक्षा झाली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका जमिनीखालच्या शौचालयात आता कॉफीचं दुकान आहे, हे कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर पानाच्या लाल पिचकाऱ्या बघितल्या तेव्हा तर घरी आल्यासारखं वाटलं.

एका रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो. ही संस्था १९३२ पासूनची आहे. डॉक्टर आलेत कळल्यावर जे होतं तेच झालं, जेवणानंतर पाच-सहा जण खिशातून रिपोर्ट काढून भोवती. बहुतेकांना डायबिटीस किंवा प्रेशर, वजन तिथल्या गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कमी असूनही. आपल्या दक्षिण आशियाई शरीराची ही खोड आहे: हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, यकृताभोवती. म्हणून तिकडची आरोग्यसेवाही आपल्या लोकांसाठी वजनाची वेगळी रेघ धरते. बीएमआय इतरांना २५ ला जास्त धरतात, आपल्याला २३ लाच. घरी टेप असेल तर बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनाचा काटा काहीही म्हणो, साखर तपासून घ्या.

कोव्हेंट गार्डन नावाच्या भुयारी स्टेशनात लिफ्टऐवजी गोल जिना घेतला तर १९३ पायऱ्या आहेत, पंधरा मजल्यांइतक्या. मुलीने पैज लावली. मी दोनदा थांबलो. वर आल्यावर मिनिटभर वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. पायऱ्या चढताना किंवा भराभर चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम योग्य. माझा त्याच्या पलीकडे होता. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घाम, गरगरणं यातलं काही नव्हतं, असतं तर पैज तिथेच सोडली असती. तुम्हीही सोडा.

परतीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम सोहो भागात गेलो. तिथे एक बिनदांड्याचा हातपंप आहे, जुन्याची प्रतिकृती. १८५४ मध्ये त्या गल्लीच्या आसपास कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसं मेली. जॉन स्नो या डॉक्टरने घरोघरी फिरून मृत्यू कुठे झाले ते शोधलं, बहुतेक सगळे पंपाभोवती निघाले, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. त्यानंतर पाच वर्षांनी लंडनमध्ये फुकट पिण्याच्या पाण्याचा पहिला नळ रस्त्यावर लागला. त्या पंपापाशी उभा असताना मला लंडन आठवायचं सोडून मोखाडा आठवला.

कारण दादरला भावाच्या घरी सकाळी नळ सोडला तेव्हा जे पाणी आलं, ते आमच्याकडचं आहे. तानसा, भातसा, मोडक सागर आणि मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ बांधलेलं मध्य वैतरणा धरण. हे एकटं धरण मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देतं. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच मोखाड्यातल्या, जव्हारमधल्या पाड्यांवर टँकर येतो. टँकर चुकला तर बायका डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावर जातात, दरीत उतरून वर चढतात.

दोन वर्षांपूर्वी जव्हारला एका कार्यक्रमात मी भाषण केलं होतं. विषय मधुमेहाचा. मी म्हणालो, "आपल्या पाड्यांवरच्या बायकांकडे बघा. डोंगर चढतात, उतरतात. कुठे आहे त्यांना बीपी, कुठे आहे शुगर?" टाळ्या पडल्या. हे वाक्य मी पुढे दोन-तीन ठिकाणी वापरलंही. त्या वॉचमनची आई त्या दिवशी समोर स्टुलावर बसली होती. पिळदार पोटऱ्या बघून मी मनात पुन्हा तेच वाक्य म्हटलं होतं. तिच्या पापणीची आतली बाजू मी खाली ओढून पाहिली नव्हती.

मे महिन्याच्या मध्यावर तो मुलगा गावात लग्नासाठी आला आणि आईला घेऊन दवाखान्यात आला. मीच फोन करून तिलाही बोलावलं होतं. तिचं हिमोग्लोबिन निघालं ८.४. बायकांना ते १२ तरी हवं. मानेचा मणका दुखतो, हात मुंग्या येतात, जिना तर सोडाच, उंबऱ्याशी दम लागतो. पाच-सहा किलोमीटर रोजची चाल, पण डोक्यावर पंधरा लिटर आणि पोटात भात आणि मिरची. या चालण्याने कोणाचं आरोग्य सुधारत नाही. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, चहा जेवणानंतर तासभर तरी नको, डाळ, पालेभाजी, नागलीची भाकरी. मणक्याचा एक्स-रे काढायला सांगितलं. हंडा कोण उचलणार याला माझ्याकडे औषध नव्हतं. मुलगा म्हणाला, घरी आहे तोवर मी आणतो.

त्याची साखर १३८ वर आली होती, प्रेशर १३८/८८. गोळ्या चुकवल्या नव्हत्या. मी मार्चनंतर त्याच्याशी फोनवर बोलून एक वेगळा हिशेब बसवला होता. हायवेवर चालायचंच नाही. गोदामाच्या आत, रॅकांच्या मधल्या लांब गल्ल्यांत दर तासाला एक फेरी, तसंही वॉचमनने फेरी मारायचीच असते. रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा मिनिटं, कारण खाल्ल्यावर चालणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, त्यासाठी त्याला इन्सुलिनची फार गरजही लागत नाही. जेवण रात्री दहाच्या आत, मग पहाटेपर्यंत फक्त पाणी. आठ कटिंगच्या तीन, त्याही बिनसाखरेच्या. शेवटची अट त्याला सर्वांत जड गेली, हे त्याने स्वतः सांगितलं. झोपताना खिडकीला काळं कापड लावायचं त्याला मी सांगितलं होतं, त्याने सिमेंटच्या गोणी शिवून लावल्या.

मी म्हटलं, छान आहे, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत. एचबीए१सी जूनमध्ये बघू, तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो, दोन महिन्यांची घाई नको.

"तुमचे किती झाले सर?" त्याने विचारलं. मोबाइल त्याच्यापुढे धरला. लंडनचे तीन आठवडे उंच खांब, मग परतल्याचा आठवडा, ३,१०० वर आपटलेला. त्यानंतरचे खांब थोडे उंच, ५,२००, ४,९००, ५,६००. ॲक्टिव्हा घरी आहे. सातशे मीटरसाठी रोज चौघं जण गाडी थांबवून "डॉक्टर, गाडी बिघडली का? बसा सोडतो," म्हणतात. नाही म्हणताना फार वेळ जातो.

तो आकडे वाचत होता, तेवढ्यात आईने गोळ्यांची पिशवी ओटीत खोचली आणि उठली.

"चल रे," ती म्हणाली. "चारला टँकर येतो. हंडे लायनीत ठेवून आलेय."